बोहारणीचे गाठोडे आणि अमेरिकेतील अडतीची दुकाने

अमेरिकेतील लहान शहरांच्या मुख्य रस्त्यावर वापरलेल्या कपड्यांची जी दुकाने असतात, त्यांतील एक प्रकार ‘कन्साइनमेंट’ दुकानांचा. ही पद्धत मराठी वाचकाला समजावून सांगण्यास फार शब्द लागू नयेत. आपल्या बाजारपेठेतील अडतीची ती सख्खी बहीण आहे. घरातील कपाट भरून वाहू लागले की गृहिणी त्यातील चांगले कपडे धुऊन, इस्त्री करून दुकानात नेऊन देते. दुकानदारीण त्यांतून ऋतुमानाप्रमाणे खपतील असे निवडून घेते, प्रत्येकावर चिठ्ठी लावते आणि खुंटीला अडकवते. माल विकला जाईपर्यंत मालकी गृहिणीचीच. विकला गेला तर किमतीचा साधारण निम्मा भाग, कोठे थोडा अधिक, कोठे थोडा कमी, तिच्या पदरात पडतो. दिवस उलटतील तशी किंमत उतरत जाते, आणि दोन-तीन महिन्यांत गिऱ्हाईक न मिळाल्यास कपडे परत न्यावे लागतात किंवा ते एखाद्या धर्मादाय संस्थेकडे रवाना होतात. आपल्याकडे शेतमालावर शेकडा पाच-दहा अडत कापली गेली की शेतकरी रस्त्यावर येतो. तेथे शेकडा पन्नास कापली जाते आणि कोणाची तक्रार नसते. याचे कारण उघड आहे. शेतकऱ्याच्या मालात त्याच्या वर्षाच्या पोटाचा प्रश्न असतो, कपाटातील कपड्यात तो नसतो.

इतक्या साध्या व्यवहाराविषयी लिहिण्याचे प्रयोजन असे की, त्याला आता एक तत्त्वज्ञान चिकटले आहे. जुना कपडा विकत घेणे ही बाजाराविरुद्धची बंडखोरी आहे, त्याने पृथ्वीवरील कचरा कमी होतो आणि शिवणकारखान्यांतील पिळवणुकीच्या पापातून ग्राहक मुक्त होतो, असे सांगितले जाते. मुंबई-पुण्यातील सुखवस्तू तरुण-तरुणींतही हा विचार रुजला असून, त्यांतील कित्येक जण चळवळीचे सहानुभूतीदार आहेत. उलट बाजूस, ‘हे सारे बूर्झ्वा चोचले’ म्हणून हात झटकणारे जुने कार्यकर्तेही आहेत. या दोन्ही भूमिकांत एक समान दोष आहे. कपडा कोणाच्या हातून आला आणि कोणाच्या हाती जाणार, हे दोघांपैकी कोणीच विचारीत नाही.

प्रथम बंडखोरीचा दावा पाहू. अमेरिकी सरकारच्या पर्यावरण खात्याच्या आकडेवारीनुसार 2018 साली त्या एका देशात सुमारे 1 कोटी 70 लाख टन कापड कचऱ्यात निघाले, त्यांतील 1 कोटी 13 लाख टन जमिनीत पुरले गेले आणि पुनर्वापराच्या प्रक्रियेत शेकडा 15 देखील गेले नाही. या पर्वतापुढे खुंटीवरच्या चार झग्यांची मातब्बरी ती काय? शिवाय अर्थशास्त्राचा प्राथमिक विद्यार्थीही जाणतो की, वस्तू पुढे विकता येईल अशी खात्री असली म्हणजे ती नवी घेताना खिसा सैल सुटतो. जुन्याचा बाजार हा नव्याच्या बाजाराचा शत्रू असतोच असे नाही; पुष्कळदा तो त्याचा जामीनदार असतो. हे भांडवलदारांना तत्त्वज्ञांच्या आधी कळले. घाईच्या फॅशनचा जगभर रतीब घालणाऱ्या शीनने आणि झाराने 2022 साली, एकीने अमेरिकेत व दुसरीने ब्रिटनमध्ये, आपल्याच जुन्या कपड्यांच्या फेरविक्रीची सोय सुरू केली. थ्रेडअपसारख्या, जुन्या कपड्यांच्या अडतीवर उभ्या राहिलेल्या कंपनीचे भाग 2021 पासून शेअरबाजारात खेळू लागले. जे बंड शेअरबाजार आनंदाने विकत घेतो, त्याच्या धारेविषयी शंका घेण्यास जागा आहे.

मात्र या दुकानांत एक गोष्ट अशी घडते की तिच्याकडे समाजवाद्याने लक्ष दिल्यावाचून पुढे जाऊ नये. ‘व्हिंटेज’ हा शब्द मूळचा द्राक्षाच्या मद्याचा. कोणत्या सालच्या पिकाची दारू, एवढाच त्याचा अर्थ. कपड्याचे साल ओळखण्यासाठी जाणकार गिऱ्हाईक शिवण पाहते, धातूची झिप पाहते, अस्तर उलटून पाहते, आणि मग शिवणीच्या आत एक चिमुकली चिठ्ठी शोधते. ती चिठ्ठी असते स्त्रियांचे कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या युनियनची, 1900 साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल लेडीज गारमेंट वर्कर्स युनियनची. संघटित कामगारांच्या हातून हा कपडा शिवला गेला, याची ती ग्वाही. चिठ्ठीचे रूप वेळोवेळी बदलत गेले. 1974 नंतरची लाल-पांढऱ्या-निळ्या रंगाची. म्हणून तिच्यावरून कपड्याचा काळ ठरविता येतो, आणि ती सापडली की दुकानदारीण दोन डॉलर अधिक लावते!

या चिठ्ठीमागे केवढा इतिहास आहे! 25 मार्च 1911 रोजी न्यूयॉर्कमधील ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली. दारे कुलूपबंद होती. 146 कामगार मेले, त्यांत बहुतेक परदेशातून आलेल्या तरुण मुली. त्या राखेतून आणि त्याआधीच्या व नंतरच्या संपांतून कारखाना-सुरक्षिततेचे कायदे आले, युनियन वाढली, 1969 च्या सुमारास तिची सभासदसंख्या साडेचार लाखांवर पोहोचली. आज ज्या टिकाऊ शिवणीचे कौतुक होते, ती कामाच्या तासांवर, दरावर आणि वेगावर कामगारांचा काही ताबा होता त्या काळची शिवण आहे. ‘पूर्वी कपडे चांगले शिवत’ असे जे हळहळून म्हटले जाते, त्याचा पुष्कळसा अर्थ ‘पूर्वी शिवणारीला घाई करता येत नसे’ असा आहे. पुढे काम स्वस्त मजुरीच्या देशांत गेले, युनियन ओसरली आणि 1995 साली दुसऱ्या संघटनेत विलीन झाली. आज अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या कपड्यांपैकी शेकडा 95 हून अधिक बाहेरून येतात. बाहेर म्हणजे कोठे, हे 24 एप्रिल 2013 रोजी ढाक्याजवळ राना प्लाझा कोसळून 1,100 हून अधिक माणसे चिरडली गेली तेव्हा जगाला दिसले. ट्रँगलमध्ये दारांना कुलूप होते; येथे भिंतींना भेगा पडलेल्या दिसत असताना कामगारांना आत धाडले गेले. मधल्या शंभर वर्षांत यंत्रे बदलली, देश बदलला, कामगार स्त्रीचे वयदेखील फारसे बदलले नाही.

गिरणगावाचा शेवट पाहिलेल्या वाचकाला या कथेचा दुसरा भागही परका वाटू नये. उत्तर कॅरोलायनातील कॅनापोलिस हे गावच मुळी चादरी-टॉवेलांच्या गिरणीभोवती वसलेले. 30 जुलै 2003 रोजी पिलोटेक्स कंपनीने तेथील गिरणी बंद केली आणि हजारो कामगार एका दिवसात घरी बसले. अमेरिकेच्या दक्षिणेत अशी गावे पुष्कळ आहेत. जेथे कापड निर्माण होत होते, तेथे आता वापरलेले कापड हातोहात फिरते. मुख्य रस्त्यावरचे भाडे उतरले म्हणून असे दुकान परवडते. आणि मालाची अडत असल्याने भांडवल अडकवावे लागत नाही म्हणून ते चालते. ही दुकाने चालविणाऱ्या बाया पिळवणूक करणाऱ्या आहेत असे म्हणणे मूर्खपणाचे होईल. पडक्या अर्थव्यवस्थेत त्यांनी शोधलेली ती उपजीविका आहे. पण उपजीविकेला मुक्तीचा मार्ग म्हणून मिरविणाऱ्यांनी गिरणीच्या बंद फाटकाकडे एकदा पाहावे.

आता न खपलेल्या मालाकडे वळू. धर्मादाय संस्थांकडे येणाऱ्या कपड्यांचा मोठा भाग त्यांच्याही दुकानांत खपत नाही. तो व्यापाऱ्यांना वजनावर विकला जातो, दाबून गठ्ठे बांधले जातात आणि गठ्ठे जहाजावर चढतात. दात्याला वाटते आपण दान केले. गठ्ठ्याला दानधर्म ठाऊक नाही, त्याला फक्त किलोचा भाव आहे. घानामधील आक्रा शहराच्या कांतामांतो बाजारात हे गठ्ठे फुटतात. तेथील भाषेत या कपड्यांचे नाव ‘मेलेल्या गोऱ्याचे कपडे’ अशा अर्थाचे आहे. इतके सारे कपडे टाकून देणारा माणूस जिवंत असेल, ही कल्पनाच तेथील लोकांना प्रथम पटली नसावी. गठ्ठा न पाहता विकत घ्यावा लागतो, आत काय निघेल ते नशिबावर, आणि निघालेल्या चिंध्यांची विल्हेवाट घेणाऱ्याच्या माथी. जानेवारी 2025 च्या आरंभी या बाजाराला आग लागून हजारो विक्रेत्यांची दुकाने भस्मसात झाली.

या मालाला दार बंद करू पाहणाऱ्या देशाचे काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. आपला वस्त्रोद्योग उभा राहावा म्हणून पूर्व आफ्रिकेतील देशांनी 2016 साली ठरविले की, जुन्या कपड्यांची आयात टप्प्याटप्प्याने थांबवावी. रवांडाने आयातकर किलोमागे 20 सेंटवरून अडीच डॉलरवर नेला. अमेरिकेतील जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेने 2017 साली आपल्या सरकारकडे धाव घेतली आणि आफ्रिकी देशांना 2000 सालच्या कायद्याने दिलेली करमुक्त निर्यातीची सवलत काढून घेण्याची धमकी आली. केनिया, टांझानिया, युगांडा यांनी माघार घेतली. रवांडा अडून राहिला. जुलै 2018 मध्ये त्याच्या कपड्यांपुरती ती सवलत स्थगित झाली. आपला टाकाऊ कपडा विकत घेतला नाही म्हणून एका दरिद्री देशाला शिक्षा! साम्राज्यशाहीची व्याख्या शिबिरात शिकविताना कार्यकर्त्यांनी हे उदाहरण अवश्य घ्यावे.

या प्रवासाचा एक फाटा भारतातही येतो. वापरलेले कपडे विक्रीसाठी परवान्यावाचून आयात करण्यास आपल्याकडे बंदी आहे. परंतु कांडल्याच्या विशेष आर्थिक क्षेत्रात परदेशी गठ्ठे येतात, तेथे प्रामुख्याने स्त्रिया ते निवडतात, आणि बराचसा माल पुन्हा आफ्रिकेकडे जातो. दुसरा ओघ पानिपतचा. मराठी मनाला पानिपत म्हटले की 1761 आठवते. तेथल्या आजच्या लढाईची बखर मात्र कोणी लिहिलेली नाही. फाडून आणलेले लोकरी कोट येथे येतात. बाया कोयत्यासारख्या पात्यांवर त्यांची बटणे व झिपा उडवितात, रंगारंगाचे ढीग लावतात, यंत्रे कापडाचा पुन्हा तंतू करतात आणि त्या तंतूच्या घोंगड्या होतात. भूकंप-पुराच्या वेळी मदत म्हणून वाटल्या जाणाऱ्या घोंगड्यांत या मालाचा वाटा मोठा राहिला आहे. न्यूयॉर्कचा कोट पानिपतात घोंगडी होऊन एखाद्या पूरग्रस्ताच्या अंगावर जातो. या साखळीत सर्वाधिक धूळ ज्या फुप्फुसांत जाते, त्यांच्या वाट्याला सर्वांत थोडे येते.

आणि आपल्या घरचा जुना कपडा? त्याचा बाजार ‘प्री-लव्ह्ड’ हे गोंडस नाव येण्यापूर्वी कितीतरी पिढ्या चालू आहे. भर दुपारी डोक्यावर भांड्यांची पाटी व काखेत गाठोडे घेऊन बोहारीण येते, दारात बसकण मारते आणि दोन जरीकाठी साड्या व एक पँट यांवर स्टीलचे पातेले की नुसता डबा, यावर तासभर हुज्जत चालते. मध्यमवर्गीय कथा-नाट्यांत ही हुज्जत विनोदाचा विषय झाली. प्रत्यक्षात ती दोन स्त्रियांमधील मूल्यनिर्णयाची अत्यंत काटेकोर प्रक्रिया आहे. बोहारणीची नजर कॉलरची झीज, पँटच्या गुडघ्याचे कापड, जरीतील चांदी हे सारे एका क्षणात तोलते. यांतील बहुतेक स्त्रिया मूळच्या गुजरातेतील वाघरी, आता देवीपूजक म्हणविणाऱ्या समाजाच्या. रात्री घरी कपडे वेगळे काढले जातात, धुतले जातात, रफू होते, बटणे लागतात, इस्त्री फिरते आणि पहाटेच्या बाजारात तो माल बांधकामावरच्या मजुराच्या, हमालाच्या, नाक्यावर उभ्या राहणाऱ्या कामगाराच्या अंगावर चढतो. अगदीच फाटके निघाले तर पुसणे म्हणून कारखान्यात जाते. अमेरिकेतील दुकानदारीण गृहिणीला माल विकल्यावर पैसे देते; बोहारीण मोबदला आधी देते आणि न खपण्याचा सारा धोका स्वतःच्या डोक्यावर घेते. तिला कोणी उद्योजक म्हटलेले ऐकिवात नाही.

म्हणून येथील ‘व्हिंटेज’प्रेमी मित्रांना एक प्रश्न विचारणे भाग आहे. ज्या गृहसंकुलात बसून मोबाइलवर जुना कुडता मागविला जातो, त्याच्या फाटकावर ‘फेरीवाल्यांना मज्जाव’ अशी पाटी कोणी लावली? पर्यावरणाच्या नावाने जुन्याचा गौरव करावयाचा आणि ते काम पिढ्यान्‌पिढ्या करीत आलेल्या बाईला पहारेकऱ्याकरवी हाकलून द्यावयाचे, हा व्यवहार कोणत्या बंडखोरीत बसतो? शिवाय चांगला माल मधल्यामध्ये उचलला जाऊ लागला, तर पहाटेच्या बाजारात उरतात चिंध्या, आणि मजुराला शर्टासाठी अधिक पैसे मोजावे लागतात. स्वस्त वस्तूची आवड श्रीमंताला लागली की ती गरिबाला महाग होते. चाळींतील खोल्यांच्या बाबतीत मुंबईने याचा अनुभव घेतलेला आहे.

कार्यकर्त्यांसाठी येथे काम आहे, आणि त्याला कायद्याचा आधार आहे. 2014 च्या पथविक्रेता कायद्याच्या व्याख्येत एका जागी बसणाऱ्यांबरोबर हिंडून विकणारेही येतात. शहर विक्रेता समितीत किमान शेकडा 40 जागा विक्रेत्यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींच्या असाव्यात आणि त्यांतील एक तृतीयांश स्त्रियांच्या, असे तो सांगतो. पन्नास वर्षांहून जुना नैसर्गिक बाजार हा वारसा-बाजार ठरवावा व तेथील विक्रेत्यांना हलवू नये, असेही त्याच्या परिशिष्टात आहे. जुन्या कपड्यांचा पहाटे भरून उजाडता उजाडता उठणारा बाजार सर्वेक्षण करणाऱ्या कारकुनाला दिसत नाही, कारण तो कार्यालयीन वेळेत येतो. आणि बोहारीण पैशांऐवजी भांडी देते, म्हणून ती विक्रेती की खरेदीदार, असा शब्दच्छल उद्या कोणी अधिकारी करील. त्याचे उत्तर आजच तयार ठेवावे: ती भांडी विकते आणि किंमत कपड्यांत घेते. प्रभागातील शाखांनी पहाटे चारला त्या बाजारात जाऊन नावे लिहून घ्यावीत, सर्वेक्षणात ती चढवावीत, बाजाराचे वय सिद्ध करणारी जुन्या विक्रेत्यांची निवेदने गोळा करावीत. ज्या संकुलांत पक्षाचे सभासद राहतात, तेथील पाट्यांचा प्रश्न वार्षिक सभेत त्यांनी स्वतः काढावा.