सामाईक कोठार आणि मोठी पेढी

ज्या मालावर व्यापारी पैसा मिळवितो, तो पिकविणाऱ्याचे त्याच्यावर काही देणे लागते की नाही, हा प्रश्न आम्हां धान्याच्या व्यापाऱ्यांस नवा नाही. संगणकाच्या जगात तोच प्रश्न आज निराळ्या रूपाने उभा आहे. आपल्या दुकानांतील बिले, हिशेब व बँकेचे व्यवहार आता संगणकावर व मोबाइलवर चालतात. म्हणून सभासद बंधुभगिनींनी त्याचा विचार करावा, असे आम्हांस वाटते.

संगणक चालविणाऱ्या आज्ञावलीचा मूळ मसुदा मोठ्या कंपन्या गुप्त ठेवू लागल्या, तेव्हा १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी त्याविरुद्ध चळवळ आरंभिली. आज्ञावली सर्वांस पाहता, सुधारता व वाटता यावी, हा त्यांचा आग्रह होता. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 'लिनक्स' प्रसिद्ध केली आणि देशोदेशींच्या हजारो माणसांनी तीत भर घातली. आपल्या अँड्रॉइड मोबाइलच्या गाभ्याशी हीच लिनक्स आहे. अशा खुल्या कामास 'ओपन सोर्स' म्हणतात. मात्र हे सामाईक कोठार बेवारशी नव्हे. येथून माल नेणाऱ्यास परवान्याच्या अटी पाळाव्या लागतात: कोठे मूळ कर्त्याचे नाव राखावयाचे, तर कोठे सुधारलेला माल इतरांस देताना तोही त्याच अटींवर खुला करावयाचा.

मायक्रोसॉफ्ट या बलाढ्य कंपनीस हे प्रथम मानवले नाही. तिचे तत्कालीन प्रमुख स्टीव्ह बामर यांनी २००१ साली लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली होती. पुढे वारे फिरले. हैदराबादेत जन्मलेले सत्य नडेला २०१४ साली प्रमुख झाले. त्याच वर्षी कंपनीने आपल्या 'डॉटनेट' प्रणालीचा मोठा भाग खुला करण्याचे जाहीर केले. २०१६ साली ती लिनक्स फाउंडेशनची सभासद झाली. २०१८ साली तिने 'गिटहब' ही संस्था साडेसातशे कोटी डॉलरला घेतली. जगातील असंख्य आज्ञावलीकार आपले काम येथेच मांडून ठेवतात.

कित्येकजण यास हृदयपरिवर्तन म्हणतात. आम्हांस यात हिशेब दिसतो. पण त्यासाठी आम्ही नाक मुरडीत नाही. कंपनीच्या 'अझूर' सेवेच्या ग्राहकांस लिनक्स हवी होती, आणि गिऱ्हाइकास हवा तो माल ठेवणे हा व्यापाराचा धर्मच आहे. तथापि, स्वार्थाने जुळलेला संबंध स्वार्थ पालटताच तुटू शकतो. म्हणून त्याची पारख भाषणांवरून न करता जमाखर्चावरून केली पाहिजे.

जमेच्या बाजूस एक ठळक नोंद आहे. २०२४ साली 'एक्सझेड' नामक लहानशा आज्ञावलीत कोणी कपटाने चोरवाट ठेविली होती. मायक्रोसॉफ्टमधील अँड्रेस फ्रॉइंड यांनी, प्रवेशास नेहमीपेक्षा अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्यावरून ती हुडकून काढली. परंतु जगभर वापरात असलेल्या त्या आज्ञावलीची राखण बव्हंशी एकच गृहस्थ बिनमोबदला करीत होते, आणि त्यांच्या थकव्याचा लाभ घेऊनच चोर आत शिरला. या कोठारातील माल नेल्याने घटत नाही. राखणदारच थकला, तर मात्र त्यास कीड लागते.

नावे बाजूसही एक नोंद आहे. गिटहबवरील खुल्या मसुद्यांवरून शिकविलेले 'कोपायलट' हे यंत्रसाहाय्य २०२१ साली पुढे आले व पुढच्याच वर्षी त्यासाठी मासिक आकार सुरू झाला. आमच्या कामावर ही कमाई होते, पण आमचे नाव राखले जात नाही, अशी फिर्याद काही आज्ञावलीकारांनी २०२२ साली केली. न्यायालयाने २०२४ पर्यंत त्यांच्या बहुतेक मागण्या फेटाळल्या. परवान्याच्या अटी मोडल्याचा मुद्दा मात्र चालू ठेविला.

आमचे मत स्पष्ट आहे. ज्याच्या हाती बाजाराची जागा आहे आणि जो त्याच बाजारात व्यापारही करतो, त्याने इतरांहून अधिक चोख वागले पाहिजे. माल नेताना घातलेली अट यंत्राने नेला म्हणून सुटत नाही. अशा कंपनीने कर्त्यांची नावे राखावीत आणि लहान राखणदारांस नियमित वेतन मिळेल अशी तजवीज करावी. आपणही, ज्या खुल्या आज्ञावलीवर आपली पेढी चालते, तिच्या राखणीसाठी वर्षाच्या खर्चात काही रक्कम घालावी. आपल्या वह्यांत हे देणे प्रथम दिसेल, तरच मोठ्या पेढीकडे ते मागण्याचा आपणांस अधिकार राहील.