पायाला भिंगरी आणि पोटातले जंतू

टोकावड्याहून एका भगिनीचे पत्र आले आहे. मुलगा तिसरीत. वर्गात पाच मिनिटे जागेवर बसत नाही, दप्तर कुठेही विसरतो आणि माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर ट्रक न बघता धावतो. मास्तर म्हणतात वांड, आजी म्हणते नजर लागली, वडील फोक घेतात. आता कोणी सांगितले की हा दोष पोटातल्या जंतूंचा आहे, मेडिकलमधली पुडी दिली की जातो. खरे काय?

ताई, आधी तो फोक खाली ठेवायला सांगा. घरी आणि शाळेत, दोन्हीकडे, सहा महिन्यांहून अधिक काळ असेच चालले असेल तर तो अतिचंचलतेचा विकार असू शकतो. मेंदूच्या वाढीतला हा फरक पुष्कळदा रक्तातूनच येतो. वडिलांचे लहानपण कसे होते, ते आजीलाच विचारून पाहा!

जंतूंची गोष्ट अगदीच थाप नाही. वालाच्या मुळावरच्या गाठींतले जंतू पिकाला नत्र देतात, तसे आपल्या आतड्यातले जंतू अन्न पचवायला हातभार लावतात आणि मेंदूपर्यंत पोचणारी काही द्रव्येही बनवतात. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी 2012 साली महाराष्ट्रातल्या दोन एकत्र कुटुंबांच्या तीन पिढ्या तपासल्या. एकाच छपराखाली राहूनही वयाप्रमाणे जंतूंचे प्रमाण बदललेले दिसले.

फिनलंडमध्ये तान्ह्या बाळांना पहिले सहा महिने एक उपयोगी जंतू दिला गेला. 2015 साली निष्कर्ष छापले, तेव्हा 75 मुले 13 वर्षांची झालेली होती. जंतू न दिलेल्या 35 मुलांपैकी 6 जणांत अतिचंचलता किंवा स्वमग्नतेच्या जातीचा विकार निघाला. जंतू दिलेल्या 40 जणांत एकही नाही. ऐकून आशा वाटते खरी, पण 75 मुले म्हणजे एका वाडीची शाळा. तेवढ्यावर औषध ठरत नाही. पुढच्या अभ्यासांत कुठे एक जंतू जास्त सापडला, कुठे दुसराच कमी. शिवाय चंचल मूल नीट जेवतच नाही, त्यामुळेही पोटातले जंतू बदलतात. आधी काय आणि मागून काय, याचा उलगडा अजून झालेला नाही.

म्हणून पुडीवर पैसे घालवू नका. ताक, नाचणीची आंबील, वालाची उसळ, रानभाज्या मुलाला जरूर द्या, पण अन्न म्हणून द्या. प्रत्येक सर्दीला अँटिबायोटिकचा हट्ट धरू नका. त्याने पोटातले चांगले जंतूही मरतात. डॉक्टरांनी गरज पाहून दिले असेल, तर मात्र ते पुरे करा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीला येते. या विकाराची तपासणीही त्यांच्या कामात आहे. मास्तरांना सांगून मुलाचे नाव पुढे करा. पुढच्या तपासणीसाठी मुंबईला जायचे ठरले, तर शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अशा मुलांना पाहतात. कल्याणहून लोकल थेट शीवला जाते. जाताना मास्तरांकडून मुलगा वर्गात कसा वागतो ते लिहून घ्या, आणि त्याची वहीही बरोबर न्या. तोवर त्याला पहिल्या बाकावर बसवा, एका वेळी एकच काम सांगा, आणि शाळा सुटताना रस्ता ओलांडायला घरातले कोणीतरी उभे राहू द्या.