नांगराची निशाणी, सही आणि मजकूर : शिरूर-दौंडचा दीडशे वर्षांचा धडा

१/ १२ मे १८७५. भीमथडी तालुक्यातील सुपे या बाजारपेठेच्या गावी आसपासच्या खेड्यांतील शेतकरी जमले. दुकाने लुटली गेली, काही ठिकाणी आगी लागल्या; पण जमावाचा मुख्य रोख होता तो सावकारांच्या वह्यांवर आणि कर्जरोख्यांवर. हाती आलेला कागद त्यांनी जाळला. ‘दख्खनचे दंगे’ या नावाने इतिहासाला ठाऊक असलेला उठाव तो हाच.

२/ भीमथडी म्हणजे आजच्या दौंड-बारामतीकडचा मुलूख. ठिणगी मात्र त्याआधीच शेजारच्या शिरूर तालुक्यात पडली होती. डिसेंबर १८७४ मध्ये करडे गावात एका सावकाराने कोर्टाच्या हुकूमनाम्याच्या बळावर कुळाचे घर पाडायला घेतले. गावकऱ्यांच्या विनवण्या फुकट गेल्या, तेव्हा गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांच्या दुकानात कोणी जाईना, त्यांचे शेत कोणी कसेना.

३/ या असंतोषाची कारणे अनेक होती. अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यावर कापसाचा भाव कोसळला, जमिनीचा सारा वाढला, उधारी आटली. तरीही क्रोध कागदावरच का उतरला? कारण जमीन जात होती ती कागदाच्या वाटेने.

४/ १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू हा की व्याज वर्षानुवर्षे साठत राहू नये. घडले ते उलटे. दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहिला जाई. थकलेले व्याज मुद्दलात मिसळे आणि त्या मुद्दलावर पुन्हा व्याज चढे. रोखा मोडीत. लिहिणारा सावकाराचा. शेतकरी खाली नांगराचे चित्र काढी, त्याशेजारी ‘निशाणी नांगर’ असे दुसराच कोणी लिही. कोर्ट विचारी तो कागद; निशाणी करणाऱ्याला काय समजले होते, हे क्वचितच विचारले जाई.

५/ म्हणून सुप्याची आग हा केवळ रागाचा उद्रेक मानणे अपुरे ठरते. जो मजकूर वाचता येत नाही, खोडता येत नाही आणि ज्याला लेखी उत्तरही देता येत नाही, तो नष्ट करणे एवढाच उपाय त्या शेतकऱ्यांना उरला होता. निरक्षर माणसाने कागदाला दिलेले ते उत्तर होते.

६/ सरकारने चौकशी आयोग नेमला. १८७९ मध्ये दख्खन कृषक साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांत शेतकऱ्याचे दस्त ग्रामनिबंधकासमोर लिहिले जावेत, सावकाराने पावती द्यावी, हिशेबाचा उतारा द्यावा, कोर्टाने रोख्यामागचा मूळ व्यवहार तपासावा, अशा तरतुदी त्यात होत्या. दंग्याचे मूळ लेखणीत आहे, याची ही सरकारी कबुलीच होती.

७/ परंतु या कायद्याने शेतकऱ्याला सरकारचा लेखनिक दिला. लेखणी दिली नाही. पळवाटाही लवकरच निघाल्या. कर्जाऐवजी खरेदीखतच लिहून घेतले जाऊ लागले. दुसऱ्याच्या हातचे संरक्षण दुसऱ्याच्या हातच्या युक्तीपुढे लंगडे पडले.

८/ हे मर्म ज्यांनी नेमके ओळखले ते जोतीराव फुले. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मांडलेल्या निवेदनात त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. त्यात काय शिकवावे, हेही सांगितले : मोडी आणि बाळबोध लेखन-वाचन, हिशेब, शेतीचे प्राथमिक ज्ञान. मोडी का, याचे उत्तर सुप्याच्या राखेत आहे. शेतकऱ्याचे भवितव्य ज्या लिपीत लिहिले जाते, ती लिपी त्याच्या मुलाला आली पाहिजे.

९/ वाचता येण्याच्या पुढची पायरी फुल्यांच्याच शाळेत त्याआधी चढली गेली होती. १८५५ मध्ये मुक्ता साळवे या मातंग समाजातील सुमारे चौदा वर्षांच्या विद्यार्थिनीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. ‘ज्ञानोदय’ने तो छापला. त्यात विनवणी नाही, युक्तिवाद आहे. धर्मग्रंथावर ज्यांना हक्क नाही त्यांचा धर्म कोणता, असा सवाल ती करते. शाळेने तिला केवळ अक्षरे दिली नव्हती. स्वतःचे म्हणणे मांडण्याचा अधिकार तिचा आहे, हा विश्वास दिला होता.

१०/ आज शिरूर आणि दौंडमधील महाविद्यालये ज्या विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्याची स्थापना १९४९ ची. २०१४ पासून ते सावित्रीबाई फुले यांचे नाव धारण करते. पण विद्यार्थ्याच्या लेखनाचे काय? निबंध गाइडातून पाठ होतो, प्रकल्प सांगाड्यात भरला जातो, अर्जाचा नमुना फळ्यावरून उतरवला जातो. उत्तर ‘अपेक्षित’ असते. विद्यार्थी काय म्हणतो, याची अपेक्षा नसते.

११/ आणि बाहेर? तहसील कचेरीबाहेर दस्तलेखक बसलेले आहेत. पदवीधर मुलगाही वडिलांच्या सातबाऱ्यावरील चुकीच्या नोंदीसाठी त्यांच्याकडेच जातो. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामावर लागताना समोर आलेल्या कागदावर तो सही करतो. नांगराच्या निशाणीची जागा सहीने घेतली, ही प्रगती खरीच. मजकूर मात्र अजूनही दुसऱ्याचाच आहे.

१२/ म्हणून महाविद्यालयातील लेखनाचा तास ही भाषेच्या विषयातील गुणांची सोय नव्हे. विद्यार्थ्याने आपल्या गावाच्या पाणीवाटपाची टिपणे काढावीत, ग्रामसभेसाठी निवेदन लिहावे, २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करावा, एखादा करार वाचून त्यातील अटी स्वतःच्या शब्दांत मांडाव्यात. शिक्षकाने केवळ शुद्धलेखन न तपासता ‘हे कशावरून?’ असे समासात विचारावे आणि विद्यार्थ्याने मजकूर पुन्हा लिहावा. माणूस विचार करायला शिकतो तो या दुसऱ्या खर्ड्यात.

१३/ आक्षेप दोन आहेत. पहिला असा की वर्ग मोठे आहेत, एवढे कागद तपासणार कोण? अडचण खरी आहे. पण दहा पाठांतरित निबंधांपेक्षा दोनदा लिहिलेले एक पान अधिक शिकवते, आणि पहिले वाचन विद्यार्थी एकमेकांचे करू शकतात. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : लिहिल्याने सत्ता हलते का? मुक्ताच्या निबंधाने अस्पृश्यता संपली नाही. अर्ज बासनात पडून राहतात, हेही सर्वांना ठाऊक आहे.

१४/ तरीही एक फरक उरतो. सुप्याला जमलेल्या शेतकऱ्यांची बाजू आज वाचायची तर बहुतांश चौकशी आयोगाच्या कागदांत, म्हणजे इतरांनी टिपलेल्या शब्दांत वाचावी लागते. मुक्ता साळवेची बाजू तिच्याच शब्दांत उपलब्ध आहे. एकाच दख्खनमधील, वीस वर्षांच्या अंतराने घडलेल्या या दोन घटना. ज्याने लिहिले त्याची साक्ष उरली. ज्याला लिहिता आले नाही त्याच्यावर अहवाल लिहिला गेला.

१५/ करड्यात घर पाडले जात असताना त्या घरातल्या माणसाला काय वाटले, हे त्याने लिहून ठेवलेले नाही. त्याच तालुक्यातील आजच्या विद्यार्थ्याला ते लिहिता येईल, आणि ते लिहिण्याजोगे आहे असे वाटेल, एवढे जरी महाविद्यालयाने साधले तरी फुल्यांच्या नावाची पाटी सार्थ ठरेल.