टेरा नोव्हा : एका जहाजाची खतावणी

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील डंडी हे बंदर आणि हिंदुस्थानातील बारदान यांचा संबंध जुन्या पेढ्यांना नव्याने सांगावा लागणार नाही. बंगालचा ताग जहाजांत भरून डंडीला जाई, तेथील गिरण्यांत त्याचे गोणपाट होई आणि ते जगभर विकले जाई. तागाचा धागा मूळचा राठ. कातण्यापूर्वी त्याला तेल आणि पाणी पाजून मऊ करावे लागे, आणि एकोणिसाव्या शतकात डंडीच्या गिरण्या त्यासाठी देवमाशाचे तेल वापरीत. म्हणूनच ज्या गावी तागाच्या गिरण्या, त्याच गावी देवमासे आणि सील यांच्या शिकारीस जाणाऱ्या जहाजांचा ताफा, अशी जोडी तेथे जमली होती. आपल्या दुकानी गोणीत गहू भरणाऱ्या व्यापाऱ्यास त्या धाग्यात कोणत्या जीवाची चरबी मुरलेली आहे, याची कल्पना असण्याचे काही कारण नव्हते. मालाची साखळी लांब झाली की तिचे पहिले टोक असेच नजरेआड होते.

याच धंद्यासाठी १८८४ साली डंडीच्या ‘अलेक्झांडर स्टीफन अँड सन्स’ या गोदीत एक लाकडी जहाज बांधले गेले. लांबी १८७ फूट, रुंदी ३१ फूट, तीन डोलकाठ्या आणि जोडीला वाफेचे एंजिन. नाव ठेवले ‘टेरा नोव्हा’, म्हणजे लॅटिन भाषेत ‘नवी भूमी’. न्यूफाउंडलंड या बेटाच्या नावाचा अर्थही तोच. लोखंडी जहाजांचे युग सुरू झालेले असताना लाकूड का, असा प्रश्न साहजिक पडतो. त्याचे उत्तर असे की बर्फाचा दाब चहूबाजूंनी आला म्हणजे लाकूड थोडे लवते, दाब सोसते आणि पुन्हा पूर्वपदावर येते. त्या काळच्या लोखंडी पत्र्याकडे हा गुण नव्हता.

१८९८ मध्ये हे जहाज न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्स येथील बाउरिंग घराण्याच्या पेढीने विकत घेतले. या पेढीचा मूळ पुरुष बेंजामिन बाउरिंग हा इंग्लंडातील एक्झिटर गावचा घड्याळजी. नशीब काढण्यास तो न्यूफाउंडलंडला आला आणि त्याने घड्याळांचे दुकान घातले. शेजारी त्याच्या पत्नीने कापडचोपड विकण्यास आरंभ केला. पत्नीचे दुकान अधिक चालले. पुढे त्यातूनच जहाजे, विमा, मासळी, तेल असा तीन-चार पिढ्यांचा पसारा उभा राहिला. गृहिणीच्या काउंटरवरून वाढलेल्या पेढ्या आपल्याकडेही काही थोड्या नाहीत, परंतु घराण्याच्या इतिहासात त्यांचे श्रेय बहुधा घड्याळजीच्याच नावे मांडले जाते.

सीलच्या शिकारीचा हंगाम मार्चमधला. तरंगत्या बर्फाच्या लाद्यांवर मादी सील पिलांना जन्म देतात. पिले काही दिवस शुभ्र लोकरीची असतात आणि त्यांना पोहता येत नाही. खलाशी जहाजावरून बर्फावर उतरत, सोट्याने पिलांना मारीत आणि कातडे चरबीसकट सोलून जहाजावर ओढून आणीत. जीवदयेच्या संस्कारात वाढलेल्या घरी हे वाचवणार नाही, पण जहाजाच्या जमाखर्चातील मुख्य जमेची बाजू हीच होती आणि ती झाकून पुढील शौर्यकथा सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मारणाऱ्यांची स्थितीही हेवा करावा अशी नव्हती. उत्पन्नाचा तिसरा हिस्सा सर्व खलाशांत मिळून वाटला जाई. हंगामापूर्वी त्यांना कपडे व सामान उधारीवर मिळे आणि त्याची वसुली चढ्या भावाने हिश्शातून होई. पुष्कळ जण हंगाम संपल्यावर जेमतेम देणे फेडून घरी जात.

या धंद्यातून जहाज प्रथम बाहेर पडले ते १९०३ साली. कॅप्टन रॉबर्ट स्कॉट याचे ‘डिस्कव्हरी’ हे जहाज दक्षिण ध्रुवप्रदेशात बर्फात अडकून पडले होते. ब्रिटिश सरकारने टेरा नोव्हा विकत घेऊन ‘मॉर्निंग’ या दुसऱ्या जहाजासोबत सुटकेस पाठविले. हुकूम स्पष्ट होता : बर्फ न फुटल्यास माणसे आणा, जहाज सोडून द्या. फेब्रुवारी १९०४ मध्ये बर्फ आपोआप तुटत गेले, उरलेले सुरुंगांनी फोडले आणि डिस्कव्हरी मोकळे झाले. पुढल्याच वर्षी टेरा नोव्हा पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास होते. बेकिंग पावडरच्या व्यापारात गब्बर झालेल्या विल्यम झीग्लर या अमेरिकनाने उत्तर ध्रुवाकडे पाठविलेली मोहीम फ्रान्झ जोसेफ बेटांवर अडकली होती. त्यांचे जहाज बर्फात चिरडले होते आणि माणसे दोन वर्षे तेथे खोळंबली होती. १९०५ च्या उन्हाळ्यात टेरा नोव्हाने त्यांना आणले. ज्याने पैसा पुरविला तो झीग्लर त्याआधीच मे महिन्यात वारला होता.

त्यानंतर जहाज परत बाउरिंगांकडे आणि परत सीलच्या धंद्यास लागले. १९०९ मध्ये स्कॉटने दक्षिण ध्रुव गाठण्याच्या मोहिमेसाठी ते १२,५०० पौंडांना घेतले. मोहिमेपाशी पैसा नव्हता. सरकारने २०,००० पौंड दिले, बाकीचे गावोगाव फिरून जमवावे लागले. शाळांनी वर्गणी काढून एकेक घोडा, एकेक कुत्रा, एकेक तंबू दिला. कार्डिफच्या व्यापाऱ्यांनी कोळसा आणि रोकड अशी भरघोस मदत केली, म्हणून १५ जून १९१० रोजी जहाज लंडनऐवजी कार्डिफहून निघाले आणि परतही तेथेच यावयाचे ठरले. जहाजाची नोंद मालवाहू म्हणून न करता ‘यॉट’ म्हणजे हौशी नौका म्हणून करण्यात आली. त्यासाठी स्कॉट एका प्रतिष्ठित यॉट क्लबाचा सभासद झाला. मानाचा ध्वज मिळाला हे खरेच, परंतु खरा लाभ असा की व्यापारी जहाजाच्या भारमर्यादेचा कायदा हौशी नौकेस लागू नव्हता. ही पळवाट होती, आणि तिची किंमत लवकरच द्यावी लागली.

२९ नोव्हेंबर १९१० रोजी न्यूझीलंडच्या पोर्ट चाल्मर्स बंदरातून जहाज दक्षिणेस निघाले तेव्हा डेकवर पाय ठेवण्यास जागा नव्हती. मांचुरियाचे १९ घोडे, तीसहून अधिक कुत्रे, तीन मोटर-स्लेज, पेट्रोलचे डबे, आणि कोठारात न मावलेला कोळसा गोण्यांत भरून डेकवरच रचलेला. तीन दिवसांत वादळाने गाठले. लाटांनी कोळशाच्या गोण्या सुटल्या आणि त्यांचे धक्के डेकवरील सामानास बसू लागले. कोळशाची भुकटी आणि एंजिनाचे तेल मिळून झालेला चिखल पंपांत अडकला. पाणी भट्ट्यांपर्यंत चढले तेव्हा आग विझवावी लागली. मग अधिकारी, शास्त्रज्ञ आणि खलाशी शिडीवर रांग धरून उभे राहिले आणि बादल्यांनी पाणी उपसू लागले. इकडे घोड्यांचा जिम्मा असलेला कॅप्टन ओट्स रात्रभर त्या जनावरांना आधार देऊन उभे ठेवण्याची शिकस्त करीत होता. वादळ ओसरल्यावर हिशेब झाला : दोन घोडे, एक कुत्रा, १० टन कोळसा, ६५ गॅलन पेट्रोल गेले. जहाज वाचले, यातच सर्व आले.

हा ओट्स मोहिमेत येण्यापूर्वी आपल्या पलटणीबरोबर इंदूरजवळील महूच्या छावणीत होता. त्याचा सहकारी हेन्री बावर्स हाही हिंदुस्थानातूनच, रॉयल इंडियन मरीन या दलातून आला होता. मुंबई हे त्या दलाचे मुख्य ठाणे. ठेंगणा, नाकाळ बावर्स प्रथमदर्शनी कोणाच्या नजरेत भरला नाही. शिवाय लंडनच्या गोदीत सामान भरताना तो उघड्या झाकणातून १९ फूट खाली लोखंडाच्या ढिगावर पडला. पण उठून कामाला लागला. कोणती पेटी कोठे ठेवली, तिच्यात काय आहे, किती उरले, हे त्याला तोंडपाठ असे. स्कॉटने त्याला केवळ जहाजावर ठेवावयाचे ठरविले होते. त्याची कोठारावरची हुकमत पाहून त्याला किनाऱ्यावरील तुकडीत घेतले. कोठारी हा कोणत्याही मोहिमेचा कणा, हे ज्याने दुकान चालविले आहे त्यास वेगळे सांगावयास नको.

जानेवारी १९११ मध्ये टेरा नोव्हाने माणसे रॉस बेटावर उतरविली. छायाचित्रकार हर्बर्ट पॉन्टिंगने बर्फाच्या गुहेतून दूरवर दिसणाऱ्या या जहाजाचे चित्र टिपले ते याच दिवसांत. पुढे किनारा धरून पूर्वेस जात असता जहाजाला व्हेल्स उपसागरात नॉर्वेच्या आमुंडसेनचे ‘फ्राम’ नांगरलेले दिसले. स्पर्धक कोठे तळ देऊन बसला आहे ही बातमी स्कॉटला पोहोचविण्याचे काम त्याच्याच जहाजाकडे आले.

घोडे त्या हवेत टिकेनात, म्हणून दुसऱ्या वर्षासाठी हिंदुस्थानी लष्कराची खेचरे मागवावीत, ही सूचना ओट्सची. हिंदुस्थान सरकारने हिमालयात तयार केलेली सात खेचरे दिली. त्यांची नावे लाल खान, गुलाब, बेगम, राणी, अब्दुल्ला, प्यारी आणि खान साहिब. १९१२ च्या आरंभी टेरा नोव्हाने ती दक्षिणेस नेली. त्यांना नेमून दिलेल्या दाण्यापेक्षा चहाचा चोथा, तंबाखूची राख आणि दोरखंड अधिक आवडत. ती पोहोचली तोवर घोड्यांची कथा संपली होती. ध्रुवाच्या वाटेवरचे शेवटचे घोडे ९ डिसेंबर १९११ रोजी गोळी घालून मारले गेले होते. त्या तळाला माणसांनीच ‘कत्तलखाना’ अशा अर्थाचे नाव दिले. यावरून मारणाऱ्यांच्या मनाची कल्पना येते.

स्कॉट, विल्सन, ओट्स, बावर्स आणि एडगर इव्हान्स १७ जानेवारी १९१२ रोजी ध्रुवावर पोहोचले. आमुंडसेन महिनाभर आधी येऊन गेला होता. परतीच्या वाटेवर पाचही जण गेले. कारणे अनेक सांगितली जातात, त्यांपैकी एक हिशेबी माणसास विशेष खटकेल. शिधा, तंबू, चूल हे सारे चौघांच्या मापाने बांधलेले असताना अखेरच्या घटकेस पाचवा म्हणून बावर्सला घेतले गेले. दुसरे, वाटेत साठविलेल्या रॉकेलच्या डब्यांत तेल कमी निघाले. डबे भरताना पुरते भरलेले होते, पण झाकणाची चामडी चकती थंडीने आक्रसल्यामुळे तेल उडून अथवा गळून गेले होते. नोंदीत शिल्लक आणि कोठारात तूट, असा तो प्रकार. तेल नाही तर बर्फ वितळत नाही, बर्फ वितळत नाही तर पाणी नाही.

त्यांचा तंबू १२ नोव्हेंबर १९१२ रोजी शोधणाऱ्या तुकडीला सापडला, पुढील साठ्यापासून ११ मैलांवर. त्या तुकडीचे ओझे हिंदुस्थानी खेचरांनी ओढले होते. ज्याने ती मागविली तो ओट्स आदल्या मार्चमध्ये, बहुधा आपल्या ३२ व्या वाढदिवशीच, सोबत्यांवरील भार कमी व्हावा म्हणून तंबूतून हिमवादळात चालता झाला होता. त्याचा देह मिळाला नाही.

१८ जानेवारी १९१३ रोजी टेरा नोव्हा स्वागताच्या तयारीने रॉस बेटाशी आले. ध्वजपताका लावलेल्या, मेजवानीचे टेबल मांडलेले. किनाऱ्यावरून ओरडून बातमी सांगितली गेली आणि जहाजावर कोणाच्या तोंडून शब्द फुटेना. पताका उतरविल्या, मेज आवरले. जहाजाच्या सुताराने लाकडी क्रूस घडविला, तो ऑब्झर्वेशन टेकडीवर उभारला गेला. १० फेब्रुवारीला रात्रीच्या अंधारात जहाज न्यूझीलंडच्या ओमारू बंदराबाहेर थांबले. दोघे जण होडीने किनाऱ्यावर गेले आणि गुप्तपणे तार करून परतले, कारण बातमीचा हक्क वृत्तसंस्थेला करारान्वये विकलेला होता. तोवर दिवसभर जहाज कोणाशी न बोलता समुद्रात घुटमळत राहिले. पाच मृत्यूंची बातमी पोटात धरून कराराची मुदत पाळणारे ते जहाज डोळ्यांपुढे आणले म्हणजे व्यवहाराचे काटेकोरपण किती जड असू शकते ते कळते.

कार्डिफला परतल्यावर शिरोभागी बसविलेली कोरीव मूर्ती उतरवून वेल्सच्या राष्ट्रीय संग्रहालयास दिली गेली आणि त्याच वर्षी बाउरिंगांनी जहाज परत विकत घेतले. पुन्हा सील, पुन्हा मार्चचे बर्फ. दुसऱ्याच हंगामात, १९१४ मध्ये, एका वादळाने न्यूफाउंडलंडचे अडीचशेवर सीलमारे नेले. ‘न्यूफाउंडलंड’ नावाच्या जहाजाचे ७८ जण बर्फावर अडकून गारठून मेले, आणि ‘सदर्न क्रॉस’ हे जहाज १७३ माणसांसह नाहीसे झाले. हे सदर्न क्रॉसही एके काळी दक्षिण ध्रुवप्रदेशाची मोहीम करून आलेले होते. त्या खलाशांची नावे शाळेच्या पुस्तकांत आली नाहीत. १९१८ साली बाउरिंगांचे प्रवासी जहाज ‘फ्लोरिझेल’ खडकावर आपटले तेव्हा वाचलेल्यांना काढण्यास धाडलेल्या जहाजांत म्हातारे टेरा नोव्हाही होते.

दुसऱ्या महायुद्धात ते ग्रीनलंडमधील तळांना सामान पोहोचविण्याच्या भाड्याच्या कामावर होते. १३ सप्टेंबर १९४३ रोजी ग्रीनलंडच्या दक्षिणेस त्याच्या तळाला गळती लागली आणि अमेरिकी तटरक्षक दलाने सर्व खलाशांना उतरवून घेतल्यावर ते बुडाले. वय ५९. २०१२ मध्ये श्मिट ओशन इन्स्टिट्यूटच्या ‘फाल्कोर’ या संशोधन-नौकेने समुद्रतळाची चाचणी घेताना त्याचे अवशेष ओळखले.

त्याची घंटा मात्र पाण्याबाहेर राहिली. स्कॉटच्या स्मारकनिधीतून केंब्रिजला निघालेल्या ध्रुवसंशोधन संस्थेत ती टांगलेली आहे, आणि सकाळच्या कॉफीची व दुपारच्या चहाची वेळ झाली की तीच वाजवितात.