तुर्किस्तानची देग

कझाखस्तानच्या दक्षिणेला तुर्किस्तान नावाचे शहर आहे. तिथे हजरत ख्वाजा अहमद यसवी (रह.) यांची मजार आहे. बाराव्या शतकातले हे सूफी बुजुर्ग. गवताळ मैदानांवर गुरे-मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या माणसांना कळेल अशा तुर्की बोलीत त्यांनी दीन समजावला. कबरीवरची आजची भव्य इमारत तैमूरच्या हुकमाने १३८९ नंतर उभी राहिली. तिच्या मोठ्या घुमटाखाली एक देग ठेवली आहे. ती कांस्याची, १३९९ मध्ये ओतलेली. वजन सुमारे दोन टन आणि पाणी मावते तीन हजार लिटरच्या आसपास. कझाख लोक तिला ‘ताईकझान’ म्हणतात. जुम्म्याच्या नमाजनंतर तिच्यातले पाणी लोकांत वाटले जाई, असे सांगतात. अजमेर शरीफच्या दोन देगा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना अशा भांड्याचा अर्थ आम्ही वेगळा सांगायला नको.

पण हा अर्थ नेमका असतो कुठे? धातूत, तिच्यावरच्या अक्षरांत, की पाणी पिणाऱ्यांच्या मनात? या प्रश्नाचा अभ्यास करणारे एक शास्त्र आहे, चिन्हशास्त्र. घरातले कोणी समाजशास्त्र किंवा पत्रकारिता शिकत असेल तर त्याच्या पुस्तकात हा शब्द भेटतोच, आणि बहुधा अवघड करूनच भेटतो. मूळ गोष्ट साधी आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स पर्स यांनी चिन्हांचे तीन प्रकार सांगितले. फोटो माणसासारखा दिसतो म्हणून त्याची आठवण देतो. धूर आगीतूनच निघतो म्हणून आगीची खबर देतो. तिसरा प्रकार निव्वळ रिवाजाचा, म्हणजे शब्द, अक्षरे, झेंडे. स्वित्झर्लंडचे भाषापंडित सोस्यूर यांची व्याख्याने त्यांच्या मृत्यूनंतर, १९१६ मध्ये छापली गेली. त्यांनी या तिसऱ्या प्रकारावरच बोट ठेवले. आपण ‘पाणी’ म्हणतो, फारसीत ‘आब’, कझाखमध्ये ‘सू’. यातला एकही शब्द ओला नाही. बोलणाऱ्यांनी आपसांत मान्य केले, म्हणून तहान लागल्यावर तो कामाला येतो.

कझाखांच्या घरात हे तिन्ही प्रकार एका लाकडी कड्यात सापडतात. त्यांचा पारंपरिक तंबू नमद्याचा. भिंतीला लाकडी जाळी, वर वाकवलेल्या काठ्या, आणि त्या सगळ्या काठ्या माथ्यावर ज्या गोल कड्यात येऊन बसतात ते ‘शानिराक’. त्यातून उजेड आत येतो आणि चुलीचा धूर बाहेर जातो. धूर दिसला की समजायचे, घर नांदते आहे. रिवाज असा की मोठी मुले आपापला तंबू थाटतात आणि वडिलांचे घर धाकट्याकडे राहते. त्या घराला म्हणतात ‘कारा शानिराक’, काळे कडे. पिढ्यांच्या धुराने काळवंडलेले. देश स्वतंत्र झाल्यावर १९९२ मध्ये हेच कडे राजचिन्हावर आले. मात्र मधल्या काळात सोव्हिएत राजवटीने लोकांचे कळप काढून घेतले, भटक्यांना सक्तीने एका जागी बसवले आणि १९३० ते १९३३ च्या दुष्काळात दहा लाखांहून अधिक कझाख मेले. किती शानिराकांखाली चूल पेटायची कायमची थांबली असेल! राजचिन्हाकडे पाहताना आम्हाला हे विसरता येत नाही.

आता पुन्हा देगेकडे. तिच्यावर अरबी लिपीत लेख कोरलेले आहेत. हाजींना पाणी पाजण्याचा उल्लेख असलेली सूरह तौबाची आयत त्यांत आहे. कझाख भाषाही पूर्वी अरबी लिपीतच लिहिली जाई. अहमद बायतुर्सुनुली या विद्वानाने १९१२ च्या सुमारास ती लिपी कझाख उच्चारांना बसेल अशी सुधारून दिली होती. १९२९ मध्ये ती हटवून लॅटिन आणली गेली. १९४० मध्ये लॅटिनही गेली आणि रशियन लिपी आली. बायतुर्सुनुलींना १९३७ मध्ये गोळ्या घातल्या गेल्या. म्हणजे अकरा वर्षांत दोनदा लिपी बदलली. आजोबांच्या कबरीचा दगड उभा, त्यावरचे नाव शाबूत, आणि शाळा शिकलेल्या नातवाला ते वाचता येत नाही. आपल्याकडेही ज्यांच्या घरी मोडीतला जुना कागद किंवा आजीचा उर्दू निकाहनामा पेटीत पडून आहे, त्यांना याची थोडी कल्पना येईल. फरक एवढाच की आपल्याला कुणी गोळीची भीती घातली नव्हती.

याच धामधुमीत, १९३५ मध्ये, देग लेनिनग्राडला गेली. इराणी कलेच्या प्रदर्शनासाठी म्हणून नेली आणि पुढे हर्मिटाज संग्रहालयातच राहिली. तिथे तिची निगा राखली गेली, हे मान्य केले पाहिजे. त्या वर्षांत कझाखस्तानात मशिदींना टाळी लागत होती. पण ज्या भांड्यातले पाणी कुणी पीत नाही, ते कलेचा नमुना झाले. नुसती जागा बदलली आणि चिन्हाचा अर्थ बदलला.

देग १९८९ मध्ये तुर्किस्तानला परत आली, ५४ वर्षांनी. तोपर्यंत तिच्यावरची अक्षरे वाचू शकणारे फार थोडे उरले होते. तरी ती परकी झाली नव्हती, असे आम्हाला वाटते. अक्षरांचा रिवाज सरकारी फर्मानाने तोडता आला; पण ‘कझान’ हा शब्द प्रत्येक कझाख स्वयंपाकघरात होता आणि जेवायला मांडायचा तो ‘दस्तरखान’ही होता. हा शब्द त्यांच्याकडेही आपल्यासारखाच आहे. लिपी शाळेतून येते, म्हणून ती शाळेतून काढूनही टाकता येते. पाहुण्याला आधी वाढायची रीत आईच्या हातून येते, तिच्यापर्यंत फर्मान पोचायला वेळ लागतो.

लिपीची गोष्ट अजून संपलेली नाही. २०१७ मध्ये पुन्हा लॅटिनकडे जाण्याचा सरकारी हुकूम निघाला आहे. उलट सीमेपलीकडे चीनमधल्या कझाखांत बायतुर्सुनुलींची अरबी लिपी टिकून राहिली. आणि मजार? ती आज कागदोपत्री संग्रहालय आहे, जियारतीची जागाही आहे. देगेपुढे एकजण मोबाइलवर फोटो काढतो, शेजारचा दुआसाठी हात उचलतो.