सुतार पक्ष्याचं डोकं आणि माझा सेमिनार

टी.ई.च्या सेमिनारला विषय कोणता घ्यायचा, या प्रश्नाने दरवर्षी कित्येकांची झोप उडते. मी आपला सोप्पा मार्ग धरला. नेटवर 'सुतार पक्षी' आणि 'शॉक ॲब्सॉर्बर' असं शोधलं, पहिली पाच पानं उघडली आणि एका रात्रीत पीपीटी तयार! चोच आणि मेंदूच्या मधलं स्पंजसारखं हाड, कवटीभोवती सीटबेल्टसारखं वळसा घेणारं जिभेचं हाड... त्यामुळे धक्का वाटेतच जिरतो आणि मेंदू सुखरूप राहतो. कॅलिफोर्नियात २०११ साली दोन संशोधकांनी याच कल्पनेवरून नाजूक इलेक्ट्रॉनिक भागांसाठी शॉक ॲब्सॉर्बर बनवला, हेही ठोकून दिलं. शेवटच्या स्लाइडवर हेल्मेटचं चित्र. टाळ्या पडल्या, मार्कही पडले.

आता कबुली देतो. तोपर्यंत मी सुतार पक्षी कामावर असताना एकदाही नीट बघितला नव्हता.

आणि तो होता कुठे? दापोलीजवळ आमच्याच घराच्या मागीलदारी, वठलेल्या आंब्यावर! मे महिन्याच्या सुट्टीत घरी गेलो होतो. लाइट गेलेली, मोबाइल डिस्चार्ज, करायला काही नाही म्हणून मागच्या पायरीवर जाऊन बसलो. तेवढ्यात टक्-टक्-टक्. पिवळीधमक पाठ, लालभडक तुरा. सोनपाठी सुतार.

बघत बसलो ते तासभर. दोन बोटं पुढे, दोन मागे, अशी पकड. ताठ शेपटी खोडाला टेकवलेली, म्हणजे दोन पाय आणि शेपटी मिळून पक्का तीन पायांचा स्टँड. टुणटुण उड्या मारत वर चढायचं, मी जरा हललो की खोडाच्या पलीकडे गडप. आधी दोन-चार हलक्या टिचक्या, मग जागा बदल, परत टिचक्या. एखादी जागा पसंत पडली की मग खरे घाव. ढलप्या खाली. मग बारीक लांब जीभ आत घालून मुंग्या फस्त.

दुसऱ्या दिवशी बाबांनी गावातल्या सुतारकाकांना बोलावलं होतं. वठलेला आंबा पावसात कौलांवर कोसळायचा, त्याआधी तोडायला हवा म्हणून. काका झाडाकडे बघत असताना मी शायनिंग मारायला माझं सेमिनारचं ज्ञान पाजळलं. "काका, त्याच्या डोक्यात धक्का जिरवायची सोय असते."

काका हसले. म्हणाले, "असं कसं रे? हातोड्याला उशी बांधून खिळा ठोकशील काय तू? धक्का डोक्यातच जिरला तर लाकडात काय जाणार?"

मी गप्प. मेकॅनिकलचा विद्यार्थी मी, आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता!

लाइट आल्यावर पहिलं काम केलं ते शोधायचं. तर काय, २०२२ सालीच बेल्जियममधल्या अँटवर्प विद्यापीठाच्या सॅम व्हॅन वासेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं होतं. तीन जातींच्या सुतार पक्ष्यांची हायस्पीड कॅमेऱ्याने शूटिंग घेतली. घाव बसताना चोचीचा वेग जसा घटतो तसाच कवटीचाही. मधे काही जिरत नाही. डोकं म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर नाही, चांगला कडक हातोडा आहे! मग मेंदू कसा वाचतो? तो लहान असतो म्हणून. त्वरण तेवढंच धरलं तरी मेंदूची लांबी जितकी कमी, तितका आतला दाब कमी. हे गणित आपल्याला फर्स्ट इयरलाच जमायला हवं.

मित्रांनो, नेटवरून माहिती घेऊ नका असं मी म्हणत नाही, २०२२ चा पेपरही मला नेटवरच मिळाला. माझं म्हणणं एवढंच, की दहा ठिकाणी लिहिलंय म्हणून आपण अकराव्या ठिकाणी लिहितो आणि बघायचं मात्र राहून जातं. जर्नल्सचंही तेच. रीडिंग मागच्या बॅचचं, ग्राफ मागच्या बेंचवरचा. आज सेमिनारमध्ये चालून जातं. उद्या कोणी त्याच स्लाइडवरून खरंच हेल्मेट बनवलं तर? त्या हेल्मेटमध्ये कोणाचं तरी डोकं असणार आहे. ते काही सुतार पक्ष्याएवढं लहान नसेल.

आंब्याचं म्हणाल, तर नीट बघितल्यावर खोडात वर गोल ढोली दिसली, आणि सुतारांची जोडी आळीपाळीने आत जात होती. बाबांशी वाद घातला. बाबांचंही चुकत नव्हतं, कौलं आमचीच फुटणार होती. शेवटी काकांनीच तोड काढली. घराकडच्या फांद्या उतरवल्या, खोड उभं ठेवलं. सुतारांनी सोडलेल्या ढोलीत पुढे साळुंक्या, पोपट, पिंगळे राहायला येतात, तेव्हा सध्या तरी ते तसंच राहू दे असं ठरलंय.

तुमच्या हॉस्टेलमागेही एखादं वठलेलं झाड असेलच. एकदा बघून या. पीपीटी नंतर करू.

आणि हो, सेमिनारचे मार्क परत करा असं कोणी म्हटलेलं नाही. मीही विषय काढलेला नाही!