वाटाड्या आपला पाहिजे

कंबोडियातल्या सिएम रीप शहरातून निघणाऱ्या सायकल सहलींचे व्हिडिओ सध्या आपल्या पोरांच्या मोबाइलवर फिरत आहेत. सकाळी सायकल घ्यायची, भातशेतीतून आणि खेड्यांतून जायचे, प्राचीन ख्मेर मंदिरे पाहायची, संध्याकाळी परत. सोबत वाटाड्या असतो. आमच्या अभ्यासवर्गातल्या पोरांनी विचारले, असे आपल्या जालन्यात का होत नाही? प्रश्न रास्त आहे. पण त्याआधी आम्हाला दुसरा प्रश्न विचारावासा वाटतो. अशी सहल निघाली, तर वाटाड्या कोण असेल आणि तो काय सांगेल?

कंबोडियाचेच उदाहरण घ्या. तिथले बायोन मंदिर बाराव्या शतकाच्या अखेरीस सातव्या जयवर्मन या बौद्ध राजाने उभारायला घेतले. त्याच्या राज्यात 102 रुग्णालये असल्याची नोंद शिलालेखात आहे. त्याच्यानंतर तेराव्या शतकात तिथल्या असंख्य बुद्धमूर्ती छिन्नीने उडवल्या गेल्या. बायोनमधली मुख्य बुद्धमूर्ती फोडून खड्ड्यात टाकली होती, ती 1933 साली सापडली. वाटाड्याने हे सांगितले तर माणूस काही शिकून परत येतो. सांगितले नाही तर फक्त फोटो घेऊन येतो.

आता आपल्याकडे या. 1934 साली बाबासाहेब आपल्या तीसेक सहकाऱ्यांना घेऊन वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले होते. वाटेतल्या गावांना ते कोण आहेत हे कळू दिले नव्हते, कारण अस्पृश्य प्रवाशाचे काय हाल होतात हे सगळ्यांना ठाऊक होते. दौलताबादच्या किल्ल्यापाशी हौदावर त्यांनी हातपाय धुतले आणि पाणी बाटवले म्हणून आरडाओरड झाली. ओरडणारे मुसलमान होते, हेही बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये स्पष्ट लिहिले आहे. शेवटी किल्ला पाहू दिला, पण आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर. ती अट पाळली जाते की नाही हे बघायला एक हत्यारबंद शिपाई सोबत दिला. आपल्या बापाच्या सहलीला असा 'वाटाड्या' मिळाला होता. म्हणून सहल हा आपल्यासाठी नुसता हौसेचा विषय होऊ शकत नाही.

जालन्यात ही सहल कुठून सुरू करायची, हे सांगायला नको. मस्तगडावर बाबासाहेबांचा पुतळा आहे, आपला प्रत्येक मोर्चा आणि प्रत्येक जयंती तिथे जमते. पण तो गड कोणी बांधला, हे आपल्यातल्या किती जणांना सांगता येईल? निजामाच्या हुकमाने काबिल खानाने 1725 साली बांधलेला हा किल्ला. पुढे नगरपालिकेचा कारभारही इथूनच चालला. रोज ज्या जागेवर घोषणा देतो, तिचा इतिहास आधी पाठ पाहिजे.

मस्तगडावरून पहाटे निघून राजूरमार्गे भोकरदन गाठता येते. अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास. येताना सायकली टेम्पोत टाकायच्या. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन, केळणा नदीच्या काठचे गाव. 1973 साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी तिथे केलेल्या उत्खननात सातवाहन काळाची समृद्ध वसाहत उजेडात आली. तिथे हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली. तशाच घडणीची मूर्ती 1938 साली इटलीतल्या पाँपेई शहरात सापडली होती, जे शहर इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. आणि आपल्यासाठी सर्वात मोठी गोष्ट म्हणजे सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांची नोंद आहे. सांचीचे दाते बहुतांशी साधी माणसे होती: भिक्खू, भिक्खुणी, उपासिका, व्यापारी, कारागीर. विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी तिथल्या तोरणावर कोरीव काम केले आणि तसे लिहून ठेवले. आपल्या तालुक्याचे नाव दोन हजार वर्षांपूर्वी सांचीच्या दगडावर कोरले गेले, हे शाळेत कोणी आपल्याला सांगितले का?

आता दुसरी बाजू. रस्त्यात राजूरचा गणपती दाखवतील, वाडा दाखवतील, हुरडा खायला घालतील. गावकुसाबाहेरची वस्ती मात्र वाटेत असूनही दिसणार नाही. ऐन हिवाळ्यात त्या वस्तीतल्या कित्येक घरांना कुलूप का असते, धडधाकट माणसे कोयता घेऊन कोणत्या कारखान्यावर गेली आहेत, हेही कोणी सांगणार नाही. 1978 साली विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव झाला आणि मराठवाड्यातल्या गावोगावी आपली घरे जाळली गेली. नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडावे लागले. ती पिढी अजून वस्त्यांमध्ये आहे. तिच्या तोंडून ऐकण्याइतका थांबा सहलीत हवाच. आणि पाण्याचा थांबा वस्तीतच हवा. जो कोणी सोबत येईल, कोणत्याही जातीचा असो, त्याने तिथले पाणी प्यावे. दौलताबादच्या हौदाला याहून चांगले उत्तर आम्हाला सुचत नाही.

एक गोष्ट आपल्याच कार्यकर्त्यांना सांगितली पाहिजे. दिसेल त्या जुन्या दगडाला विहार म्हणायची घाई करू नका. भोकरदन तालुक्यातच अन्व्याचे कोरीव मध्ययुगीन मंदिर आहे. ते मंदिरच आहे आणि आपण ते तसेच सांगायचे. एक खोटा दावा पकडला गेला की सांचीच्या लेखासारख्या दहा खऱ्या गोष्टींवरही लोक विश्वास ठेवत नाहीत. बाबासाहेब पुराव्याशिवाय लिहीत नसत.

काहीजण म्हणतील, शिष्यवृत्ती अडली आहे, नोकऱ्या नाहीत, अत्याचार होत आहेत आणि तुम्हाला सायकली सुचतात! आम्ही मोर्चा सोडा असे म्हणत नाही. महिन्यातला एक रविवार मागतो आहोत. ज्या गावात अत्याचार झाल्यावरच आपण जातो, त्या गावात एरवीही गेलो पाहिजे. तिथल्या पोरांशी ओळख असली तर संकटाच्या वेळी पहिला फोन आपल्याला येतो.

तेव्हा मित्रांनो, प्रत्येक वस्तीतून एक मुलगी आणि एक मुलगा पुढे आला पाहिजे. उत्खननाचा अहवाल वाचा, गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा, लिहून काढा, एकमेकांना तपासायला द्या. सायकल जुनी असली तरी चालेल, पंक्चरचे सामान सोबत ठेवा. मस्तगडावर बाबासाहेबांना अभिवादन करून पहिली फेरी आपणच काढू. उद्या पर्यटनवाले या रस्त्याने आलेच, तर त्यांना वाट दाखवायला आपली पोरे तयार असली पाहिजेत.

जयभीम!